कुणी केलं?

घरातला धडधाकट माणूस महिनाभर अंथरुणाला खिळला, दुभती म्हैस एकाएकी आटली, उभ्या हळदीत कंदकूज शिरली, की आमच्या आखाडा बाळापूर परिसरात दोन प्रश्न निघतात. पहिला उघड विचारला जातो : काय झालं? त्याचं उत्तर डॉक्टर देतो, नाहीतर कृषी सहायक देतो. दुसरा दाराआड विचारला जातो : कुणी केलं? त्याचं उत्तर देवऋषी देतो. पहिल्या प्रश्नाला रोगाचं नाव पुरतं, दुसऱ्याला माणसाचंच नाव लागतं. आणि ते नाव फार लांब शोधावं लागत नाही. भावकीतली एकटी बाई, बांधावरून भांडलेला चुलता, मूल नसलेली जाऊ, यांच्यापैकीच कुणीतरी निघतं.

भुताखेतांवर वाद घालताना आपण नेहमी 'आहे की नाही' यावरच भांडतो. पण मराठी मुलखातला गेल्या सात-साडेसातशे वर्षांचा विचार पाहिला तर या वादाने फारसं काही हललेलं दिसत नाही. हलत गेलं ते 'कुणी केलं'चं उत्तर. देव-देवता, भूत, माणूस, मांत्रिक असा दोष फिरत आला आहे, आणि त्या फिरण्यातच या कल्पनेचा खरा इतिहास आहे.

सुरुवात आमच्याच भागातून करता येते. बाळापूरच्या भोवती औंढा नागनाथ, नामदेवांचं नरसी आणि पूर्वेला माहूर. तेराव्या शतकातल्या मराठी धर्मविचाराची ही तीन ठाणी. महानुभावांच्या परंपरेत माहूर म्हणजे दत्तात्रेयप्रभूंचं स्थान. तिथे वाघाच्या रूपातल्या दत्तात्रेयांनी चांगदेव राऊळांच्या मस्तकावर पंजा ठेवला, अशी कथा आहे. हेच चांगदेव पुढे द्वारावतीला गेले. तिथे कामाख्या नावाची योगिनी त्यांच्या दाराशी हट्ट धरून बसली. तिच्या अंगी विद्या होती, आणि ती खोटी होती असं कथा कुठेही म्हणत नाही. चांगदेवांनी तिला शाप दिला नाही, तिची धिंड काढली नाही की तिला गावाबाहेर घालवलं नाही. त्यांनी आपला देहच टाकला आणि भडोचच्या प्रधानाच्या मृत मुलाच्या, हरिपाळाच्या, शरीरात प्रवेश केला. तेच चक्रधर. म्हाइंभटाने १२७८च्या सुमारास ज्यांच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' रचलं, त्या चक्रधरांच्या अवताराची सुरुवातच एका परकायाप्रवेशाने होते.

म्हणजे अद्भुताला या मंडळींची ना नव्हती. त्यांनी वेगळंच केलं. महानुभाव तत्त्वज्ञानात देवतांची संख्या एक्याऐंशी कोटी सव्वा लक्ष दहा सांगितली आहे. एवढ्या सगळ्यांना पायऱ्या-पायऱ्यांनी बसवून दिलं आणि मग निर्णय दिला : यांच्याकडे सामर्थ्य आहे, पण ते ज्याच्या त्याच्या पायरीपुरतं. फळ देतील, मोक्ष देणार नाहीत. भूत नाकारलं नाही, त्याचा हुद्दा उतरवला. १२९०च्या ज्ञानेश्वरीतही वळण तेच आहे. भुतांची पूजा तामस ठरते, आणि तेराव्या अध्यायात रोज नव्या देवाच्या मागे धावणारा गृहस्थ अज्ञानाचं उदाहरण म्हणून येतो. भीतीचं कारण शिल्लक ठेवून भीतीची गरज काढून घेण्याची ही रीत होती.

ज्ञानेश्वरांना भेटायला आलेल्या दुसऱ्या चांगदेवांची, चांगदेव वटेश्वरांची, कथा याच रीतीची. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन आलेला सिद्ध, आणि त्याच्या समोर चालत येणारी भिंत. इथे हरतो तो जादूगारच. पण हरलेल्याचं होतं काय? त्याला आधीच पासष्ट ओव्यांचं पत्र मिळालेलं असतं, आणि आता तो शिष्य होतो. औंढ्याला पिंडीवर पाय ठेवून पडलेले विसोबा खेचर नामदेवांना भेटतात, त्या कथेतला चमत्कारही कुणाचं वाईट करत नाही. तो फक्त शिकवून जातो.

याच शतकात जगाच्या दुसऱ्या टोकाला, आइसलंडमध्ये, सागा लिहिल्या जात होत्या. त्यांतल्या एरबिग्या सागेत फ्रोडा नावाच्या शेतवाडीची हकीकत आहे. परदेशातून आलेली थोरगुन्ना मरताना सांगते, माझं अंथरूण-पांघरूण जाळून टाका. घरधनीण थुरीडला त्या भारी कापडाचा लोभ सुटतो आणि ती ते पुरतं जाळू देत नाही. मग घराला घरघर लागते. माणसं एकामागून एक मरतात. जमीन फोडून सीलचं डोकं वर येतं आणि ते घरातल्या बारक्या क्यार्टानला खिळा ठोकावा तसं हातोड्याने आत ठोकावं लागतं. समुद्रात बुडालेले लोक निथळत्या कपड्यांनी रोज संध्याकाळी चुलीपाशी येऊन बसतात आणि जिवंतांना आपल्याच घरात शेकायला जागा उरत नाही. यावर तोड निघते ती कोर्टाची. ते कापड जाळतात, दारात रीतसर न्यायसभा भरवतात, साक्षी घेतात आणि एकेका भुताला नाव घेऊन निकाल सुनावतात. निकाल ऐकून प्रत्येक भूत कुरकुरत उठतं आणि दाराबाहेर जातं. शेवटी पाद्री पवित्र पाणी शिंपडतो.

याच सागेत जिवंत बाईवरचाही खटला आहे. रात्री अंगावर बसून एका तरुणाला घायाळ केल्याचा आळ गेयरीडवर येतो. तिच्या बाजूने शपथ घेतली जाते आणि ती सुटते. खरी करणारी काटला होती हे पुढे कळतं, आणि तिला दगडांनी ठेचून मारतात. आइसलंडच्या कायद्यात जादूटोण्याला हद्दपारीची शिक्षा होती. पुढे सतराव्या शतकात तिथे वीसेक माणसं जादूच्या आरोपाखाली जाळली गेली. त्यांत बाई एकच, बाकी सगळे पुरुष. म्हणजे 'कुणी केलं' हा प्रश्न तिकडे आधीपासून न्यायसभेत गेला. तिथे गेयरीडसारखी एखादी सुटलीही. पण प्रश्न एकदा कोर्टात गेला की कोर्टाला नाव लागतं, आणि नाव मिळालं की शिक्षा द्यावीच लागते.

आपल्याकडच्या संतांनी प्रश्न निकाली काढला नाही, तो वळवला. 'गुरुचरित्रा'त गाणगापूरच्या पिंपळावरचा ब्रह्मराक्षस येतो. नृसिंहसरस्वती त्याला संगमावर स्नान करायला सांगतात आणि त्याची सुटका होते. इथे भूत आरोपी नाही, तोच पीडित आहे. पैठणच्या एकनाथांनी भारुडात भूत नाचवलं, जोगवा मागायला लावला. गावजत्रेत ज्याला लोक भ्यायचे, त्याच्याकडे बघून लोक हसू लागले आणि हसता हसता अध्यात्म ऐकू लागले. तुकोबांनी शेंदूर फासलेल्या दैवतांची आणि नवसांची थेट टिंगल केली. दोषी कोण, याचं वारकरी उत्तर साधारण असं निघतं : भिणाऱ्याचं मन.

पण या उत्तराला एक भोक होतं. हुद्दा उतरवलेलं भूत कामावरून गेलेलं नव्हतं. लहान देवतेवर मोठ्या देवाचा अंमल चालतो, हे पटलेल्या माणसाने मोठ्या देवाच्या दारात झपाटलेलं माणूस आणून बसवलं, तर त्यात चूक काय? म्हणून झालं असं की, ज्या चक्रधरांनी क्षुद्र देवतांचा नाद सोडायला सांगितला, त्यांच्याच पंथाच्या जाळीचा देव या ठिकाणी लोक 'बाहेरची बाधा' घेऊन जाऊ लागले. गाणगापूरचंही तेच. आणि शके १७४१, म्हणजे १८१९ सालच्या 'नवनाथ भक्तिसारा'चे चाळीस अध्याय आजही कितीतरी घरांत बाधा टळावी म्हणून वाचले जातात. विचार तत्त्वज्ञान म्हणून निघाला आणि लोकांनी तो उतारा म्हणून वापरला.

दरम्यान राज्यसत्तेने प्रश्न आपल्या हाती घेतला होता. पेशवाईत चेटूक करणं, मूठ मारणं हे फिर्यादीचे विषय होते. म्हणजे सरकारही गावकऱ्यांच्याच बाजूने 'कुणी केलं' असं विचारत होतं. इंग्रज आले आणि अंमलदारांनी प्रश्न पार बदलला. ए. एम. टी. जॅक्सन या अधिकाऱ्याने प्रश्नावली काढून गावोगावच्या शाळामास्तरांकडून उत्तरं मागवली. १९०९मध्ये नाशिकला अनंत कान्हेरेने ज्याला गोळी घातली तोच हा जॅक्सन. त्याच्या टिपणांवरून कोकणच्या लोकसमजुतींचं पुस्तक १९१५मध्ये निघालं. मुंजा, समंध, खवीस, हडळ, जखीण यांची त्यात रीतसर नोंद आहे. पंचायतीतून भूत वहीत गेलं. दोषी कुणीच नाही, सगळीच 'समजूत'. आमचा मराठवाडा तेव्हा निजामाच्या मुलखात होता, त्यामुळे ही प्रश्नावली इकडे फिरलीच नाही.

त्याआधी १८५५मध्ये जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहून बोट नेमकं वळवलं होतं. गरोदर कुणबी बाई, तिचा भाबडा नवरा आणि ग्रहांची भीती घालून दोघांना नागवणारा जोशी. दक्षिणा प्राइज कमिटीने हे नाटक नाकारलं. दोषी भूत नाही, भिणाराही नाही, भीती विकणारा आहे, हे उत्तर मराठीत इतकं स्पष्ट पहिल्यांदा आलं. तिथपासून अंधश्रद्धा निर्मूलनासाठी झटलेल्या नरेंद्र दाभोलकरांपर्यंतची वाट सरळ आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, पाठोपाठ अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. अध्यादेशाखालीच पहिले गुन्हे नोंदले गेले त्यांत आमच्या शेजारच्या नांदेडचा गुन्हा होता. प्रकरण दुर्धर आजार चमत्काराने बरे करण्याच्या दाव्याचं होतं.

या कायद्यात भूत आहे की नाही याबद्दल अवाक्षर नाही. तो कृत्यांची यादी देतो. भूत उतरवतो म्हणून मारहाण करणं, धुरी देणं, आणि अमुक बाई करणी करते असं जाहीर करणं, हा गुन्हा. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. सातपुड्यात ज्या बायकांना डाकीण ठरवलं जातं, त्यांच्यासाठी हे शेवटचं कलम फार मोलाचं आहे. पेशवाईत जिचं नाव घेतलं गेलं ती आरोपी होती. आता नाव घेणारा आरोपी आहे.

मराठवाड्याची खास देणगी असलेली भानामती पाहिली की याच्याही पुढचं एक पाऊल दिसतं. पेटीतल्या कपड्यांना आग लागते, दोरीवरच्या साडीला चिरा पडतात, शिजल्या अन्नात घाण येते, अंगावर काळ्या फुल्या उमटतात. काही गावांत बायका कुत्र्यासारख्या भुंकतात. फुल्या बिब्ब्याच्या असतात. बिब्ब्याचं तेल कातडी पोळतं आणि डाग ठेवतं, हे इथल्या कुठल्याही म्हातारीला ठाऊक आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते अशा घरात गेले की एकेकाशी एकांतात बोलतात. करणारं माणूस बहुतेक वेळा घरातलंच निघतं. ज्याला चारचौघांत तोंड उघडता येत नाही असं कुणीतरी, कधी सासुरवाशीण, कधी वयात येणारं पोर. त्याच्याशी बोलणं झालं की प्रकार थांबतात. आणि कार्यकर्ते ते नाव बाहेर सांगत नाहीत.

फ्रोडाच्या दारात प्रत्येक भुताचं नाव मोठ्याने घेतलं गेलं. देवऋषी नाव घेतो, पेशव्यांच्या कचेरीला नाव हवं होतं. इथे मात्र नाव सापडतं आणि तरी ते बाहेर जात नाही. 'कुणी केलं'चं खरं उत्तर हाती असताना 'याला काय झालं' हा पहिलाच प्रश्न पुन्हा विचारला जातो.

यात धोका आहेच. नाव कळलं नाही तर गाव आपल्यापुरता अर्थ लावणार : शहरातून आलेला माणूस मोठा जाणकार, त्याने बाधा काढली. चक्रधरांच्या शिकवणीचं जे झालं ते कार्यकर्त्यांच्या वाट्यालाही येऊ शकतं. तरीही हा सौदा मला परवडणारा वाटतो. गावाचा गैरसमज पुढे शाळेत, व्याख्यानात, चावडीवर कधीतरी दूर करता येईल. ज्या सुनेचं नाव एकदा चारचौघांत घेतलं गेलं, तिला मात्र त्याच गावात, त्याच घरात आयुष्य काढायचं असतं.