महागाईत संतोषाचा उपदेश कोणी कोणाला करावा?

धम्मदीक्षा घेतलेल्या आपल्या कुटुंबांपुढे एक प्रश्न वरचेवर उभा राहतो. रविवारची वंदना आटोपून विहारात चार माणसे बसली, की बोलणे तेलाच्या भावावर, खोलीच्या भाड्यावर आणि मुलांच्या फीवर येते. अशा वेळी एखादे वाचन केलेले गृहस्थ म्हणतात, "भगवंतांनी दुःखाचे मूळ तृष्णेत सांगितले आहे. भावाचे हे रडगाणे तृष्णेपोटीच आहे. संतोष धरा." मग बायका गप्प होतात. आपण काहीतरी धम्माविरुद्ध बोललो, असे त्यांना वाटते.

त्यांचे हे गप्प होणे मला क्षुल्लक वाटत नाही. असला उपदेश आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेला आहे. तेव्हा त्याला प्रारब्ध म्हणत. मागल्या जन्मीच्या पापाने या जन्मी दारिद्र्य आले, तेव्हा जसे ठेवले आहे तसे राहावे, ही शिकवण गावकुसाबाहेरच्या माणसाला देण्यात येत असे. ती देणाऱ्याची कोठारे मात्र भरलेली असत. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांबरोबर आपण ते सारे टाकून दिले. टाकून दिलेली वस्तू पाली शब्दांचे वस्त्र नेसून विहाराच्या दाराने परत आत येत असेल, तर तिला ओळखता आले पाहिजे.

आधी तृष्णा म्हणजे काय ते पाहू. दहिसरच्या केतकीपाड्यातील किंवा रावळपाड्यातील एखादे घर डोळ्यांसमोर आणा. घरधनी कुठल्याशा इमारतीवर पहारेकरी आहे, बाई चार घरची धुणीभांडी करते, दोन मुले शाळेत आहेत, म्हातारी आई आहे. ८ एप्रिल २०२५ रोजी घरगुती गॅसच्या टाकीमागे ५० रुपये वाढले आणि मुंबईत टाकी ८५२ रुपये ५० पैशांना पडू लागली. त्याच वर्षी १ फेब्रुवारीपासून रिक्षाचे किमान भाडे २३ रुपयांवरून २६ रुपये झाले होते. ९ मेपासून बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपयांवर, एकदम दुप्पट झाले. या घरातील बाई यावर कुरकुरली तर ती कशाची आसक्ती धरून बसली? चूल पेटावी आणि कामावर वेळेत पोहोचावे, एवढीच तिची मागणी. भुकेला तृष्णा म्हणणे हा शब्दाचा गैरवापर आहे.

आळवी नगरीची कथा आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. धम्मपदाच्या अट्ठकथेत ती येते. एक गरीब शेतकरी तथागतांचे प्रवचन ऐकायला निघाला, तोच त्याचा बैल हरवला. बैल शोधून तो उपाशीपोटी, धापा टाकीत सभेत आला. तथागत त्याच्यासाठी प्रवचन न करता थांबून राहिले होते. तो आल्यावर आधी त्याला जेवू घालायला लावले आणि मगच धम्म सांगितला. भिक्खूंमध्ये कुजबूज झाली, की असे पूर्वी कधी झाले नाही. त्यांना उत्तर मिळाले ते असे, की भुकेने पीडलेल्या माणसाला धम्म समजत नाही. आधी संतोष धर आणि मग प्रवचन ऐक, असे त्या शेतकऱ्याला सांगितले गेले नाही.

संतोष हा गुण धम्मात नाही असे मी म्हणत नाही. चीवर, भिक्षा, निवारा आणि औषध यांपैकी जे मिळेल त्यात समाधान मानावे, ही शिकवण आहे. पण ती मुख्यतः भिक्खूला आहे. त्याने घर सोडलेले आहे, त्याच्यामागे लेकरे नाहीत. गृहस्थाला काय सांगितले? अनाथपिंडिकाला भगवंतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली: कष्टाने आणि न्यायाने मिळवलेले धन असण्याचे सुख, ते उपभोगण्याचे सुख, कोणाचे देणे नसण्याचे सुख आणि निर्दोष आचरणाचे सुख. यात दारिद्र्याची स्तुती कोठेच नाही. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात हे स्पष्ट केले आहे, की बुद्धाने गरिबीला वरदान मानलेले नाही.

तेव्हा संतोष ही ज्याने त्याने स्वतःवर चालवण्याची साधना आहे. मी माझ्या दुसऱ्या सदऱ्याचा मोह सोडावा, हे ठीक. शेजारणीने दुसरी भाकरी मागू नये, हे मी तिला सांगणे ठीक नाही. आणि ज्याच्या हाती भाव आणि मजुरी ठरवण्याची सत्ता आहे, त्याने तिला हे सांगणे तर लबाडीचे आहे.

येथे कोणी म्हणेल, भाव काय सरकार ठरवते? पाऊस पडला नाही, युद्ध झाले, तेल महागले, त्याला कोण काय करणार? यात काही तथ्य आहे. १९७२ चा दुष्काळ सरकारने पाडला नव्हता. परंतु कार्यकारणभाव शिकलेल्या माणसाने पावसापाशी थांबू नये. धान्य कमी पिकल्यावर ते कोणाच्या गोदामात गेले, कोणाला परवडले आणि कोणाची मजुरी तेथेच राहिली, हे प्रश्न पुढे उरतात. १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या प्रबंधात बाबासाहेबांनी याच ठिकाणी बोट ठेवले. रुपया घसरला की निर्यातदाराचा आणि कारखानदाराचा नफा वाढतो आणि देशाची भरभराट झाल्याचा डांगोरा पिटला जातो. तो नफा येतो कोठून? भाव चढतात त्या वेगाने मजुरी चढत नाही. मधले अंतर मजुराच्या ताटातून निघते. एका वर्गाची कमाई ही दुसऱ्या वर्गाची हानी आहे, हे त्यांनी बत्तिसाव्या वर्षी लिहिले. पुढे मजूरमंत्री असताना १९४६ साली त्यांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले. त्याचा कायदा १९४८ साली झाला. या दोन गोष्टी एकाच विचाराच्या आहेत.

हे अंतर कसे राहते ते पाहायचे असेल, तर कंपनीतून निवृत्त झालेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतील किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ मध्ये महिना १,००० रुपये ठरले. त्यानंतरची दहा वर्षे उलटून गेली तरी ते १,००० रुपयेच होते. या काळात डाळ थांबली नाही, औषध थांबले नाही, खोलीभाडे थांबले नाही. ही गोष्ट दुष्काळाने घडवली काय?

आता मापाविषयी बोलू, कारण माझ्या मते नैतिक प्रश्नाचे मर्म तेथे आहे. सम्यक आजीविका सांगताना खोटा तराजू आणि खोटे माप वर्ज्य केलेले आहे. आपण ते वाण्याला लागू करतो. महागाई मोजणारा निर्देशांक हाही तराजूच आहे. कामगाराचा महागाई भत्ता त्यावर ठरतो. काटा एवढासा जरी सरकवला, तरी लाखो घरांच्या डब्यातले पीठ कमी होते. मुंबईत हे प्रत्यक्ष घडले आहे. १९६३ साली मुंबईच्या कामगारांनी तक्रार केली, की बाजारात भाव भडकलेले असताना सरकारी निर्देशांक मात्र खाली दिसतो. राज्य सरकारला प्रा. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तक्रार खरी होती. निर्देशांकात दोष निघाला आणि तो दुरुस्त करावा लागला. बाजारातून रिकाम्या पिशवीने परतणारी माणसे कागदावरच्या आकड्यापेक्षा अधिक खरे बोलत होती.

आज कोणी उघडउघड काटा सरकवतो, असे म्हणण्याचे कारण नाही. पण सरासरीचा एक खेळ समजून घ्यावा. औद्योगिक कामगारांचा निर्देशांक २०२० साली नव्या पायावर आला, तेव्हा त्यातील खाद्यपदार्थांचा वाटा ४६.२ वरून ३९.१७ टक्क्यांवर आला. सर्व कामगार कुटुंबे एकत्र मोजली तर जेवणावरचा हिस्सा घटला असेलही. मिळकत वाढली की तसे होते. परंतु ज्या घरात मिळकतीचा अर्ध्याहून अधिक भाग अजून वाण्याकडेच जातो, त्या घरात कांदा-तेल भडकल्यावर बसणारा चटका या सरासरीत पातळ होऊन जातो. "महागाई आटोक्यात आहे" असे वर्तमानपत्रात वाचून आपली गृहिणी चकित होते ती यामुळे. आकडा खोटा नसेल, पण तो तिच्या घराचा नाही. आणि दर घटला म्हणजे भाव उतरले असे होत नाही. भाव चढण्याचा वेग तेवढा मंदावला. हे तिला कोणी समजावून सांगत नाही आणि मग तिलाच असमाधानी ठरवले जाते!

दहिसरच्या नाक्यावर तर धोरण म्हणजे काय ते उघड्या डोळ्यांनी पाहता येते. १ जुलै २०१७ पर्यंत येथे जकात होती. मुंबईत शिरणारा माल येथे कर भरून पुढे जाई आणि तो कर अखेर खाणाऱ्याच्या माथी बसे. जकात गेली, वस्तू व सेवा कर आला. १८ जुलै २०२२ पासून वेष्टनबंद, लेबल लावलेल्या तांदूळ-पिठावरही ५ टक्के कर लागला. असा कर श्रीमंताला आणि पहारेकऱ्याला पिशवीमागे सारखाच असतो. त्याचे ओझे मात्र सारखे नसते. पुढे १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर मोटारी आणि इतर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, एस. टी. आणि शाळांच्या बसनाही सूट मिळाली. त्यानंतर सात महिन्यांनी बसचे भाडे दुप्पट झाले. मोटारवाल्याच्या खिशातील टोल वाचला याचा मला हेवा नाही. पण पालिकेच्या बेस्टकडे पैसा नाही म्हणून बस महाग झाली आणि राज्याच्या तिजोरीवर मात्र टोलमाफीचा भार टाकता आला, एवढे लक्षात ठेवावे. शिवाय मार्च २०२२ पासून १५ जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत महापालिकेत निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. भाडे वाढले तेव्हा दहिसरकराने दार ठोठवावे असे दारच नव्हते.

दीघनिकायातील कूटदंत सुत्तात महाविजित नावाच्या राजाची गोष्ट आहे. त्याला मोठा यज्ञ करायचा होता आणि राज्यात चोऱ्यामाऱ्या माजल्या होत्या. पुरोहिताने सांगितले, की या स्थितीत नवा कर बसवणे चुकीचे ठरेल आणि शिक्षा करूनही चोऱ्या मिटणार नाहीत. शेती करणाऱ्याला बियाणे दे, व्यापार करणाऱ्याला भांडवल दे, चाकरी करणाऱ्याला योग्य वेतन दे. राजाने तसे केले आणि लोक दारे उघडी टाकून राहू लागले. आज सरकारी योजनांची या तराजूत पारख करावी. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालचे धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत झाले. माणशी ५ किलो मिळते आणि त्याने अनेक चुली विझता विझता वाचल्या, हे नाकारणे कृतघ्नपणा होईल. ऑगस्ट २०२४ पासून बहिणींच्या खात्यावर महिना १,५०० रुपये येऊ लागले, त्याचाही आधार झाला. पण पुरोहिताच्या यादीत बियाणे, भांडवल आणि वेतन आहे. वेतन तेथेच ठेवून वर शिधा वाटायचा आणि घेणाऱ्याने उपकार मानायचे, ही गोष्ट निराळी.

मग उपासकाने करावे काय? रागवावे काय? राग विषासारखा आहे, हे खरे. म्हणून तो कोणावर जातो ते तपासावे. दहिसरसारख्या वस्तीत तो फार चटकन परप्रांतीय भाजीवाल्यावर जातो, कोपऱ्यावरच्या वाण्यावर जातो, पलीकडच्या झोपडपट्टीत नव्याने आलेल्यावर जातो. हे लोक त्याच बसने जातात आणि तीच टाकी विकत घेतात. त्यांच्यावर चिडून भाव एक पैशाने उतरत नाही आणि मन मात्र मलिन होते.

द्वेषाशिवाय झगडता येते, याचे दाखले आपल्याजवळच आहेत. १९७२ मध्ये मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. पलीकडच्या गोरेगावच्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते अशा निरनिराळ्या पक्षांच्या बायका एकत्र आल्या. हातात लाटणी घेऊन मोर्चे निघाले, थाळ्या वाजल्या, तेल-साखर-रॉकेलाचा जाब मंत्र्यांना विचारला गेला. १९७५ च्या आणीबाणीने तो आवाज दाबला. १९७७ साली मृणालताई उत्तर मुंबईतून, म्हणजे दहिसर ज्यात येते त्या मतदारसंघातून, लोकसभेवर गेल्या. त्याआधीचा आपला स्वतःचा इतिहास तर नव्या पिढीला ठाऊकच नाही. ६ डिसेंबर १९६४ रोजी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली देशभर सत्याग्रह सुरू झाला आणि लक्षावधी माणसे तुरुंगात गेली. त्याला आपण भूमिहीनांचा सत्याग्रह म्हणतो, ते बरोबरच आहे. पण त्याच्या मागण्यांत धान्याचे योग्य वाटप, भाववाढीला आळा आणि किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी यांचाही समावेश होता. त्या सत्याग्रहींना कोणी तृष्णावान म्हटले असते काय?

एक गोष्ट मात्र आपल्या हातातली आहे आणि ती कडू आहे. भावावर रोष धरणारे आपले घर लग्नात मंडप, बँड आणि जेवणावळीसाठी व्याजाने पैसे काढते. देणे नसण्याचे सुख गृहस्थाला सांगितले आहे, ते अशाने पाच-पाच वर्षे घराबाहेर राहते. विहारात दहा जोडपी एका दिवशी, साध्या वंदनेत विवाहबद्ध होऊ शकतात. संतोषाचा उपदेश करायचाच असेल, तर तो येथे करावा आणि करणाऱ्याने आपल्या मुलीच्या लग्नापासून सुरुवात करावी.

आणि वस्तीतील महिला मंडळांना माझी एक सूचना आहे. विहारात एक वही ठेवावी. तांदूळ, तूरडाळ, गोडेतेल, गॅसची टाकी, बसभाडे, रक्तदाबाची गोळी असे सहा रकाने पुरेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ज्या भावाला वस्तू घेतली तो भाव लिहावा आणि समोर त्या महिन्याची मजुरी लिहावी. अक्षर कसेही असो, आकडा खरा असावा. सहा महिन्यांनी ती वही घेऊन नगरसेवकाकडे आणि आमदाराकडे जाता येईल. विहारात कोणी संतोष धरायला सांगितले, तर ती त्यांच्यापुढेही उघडून ठेवता येईल.