घर, पत्र आणि मालकी

सैनिकाने घरी लिहिलेल्या पत्रांकडे आपली समीक्षा बहुधा 'खासगी' लेखन म्हणून पाहते. हेतू वाङ्मयीन नाही, वाचक ठरलेला, म्हणून मजकूर अधिक प्रांजळ, असा हा तर्क असतो. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या (१८६१-६५) अखेरच्या पर्वातील पत्रांना तो वरवर लागूही पडतो. पीटर्सबर्गच्या खंदकातून लिहिणाऱ्या गोऱ्या सैनिकाला शेताची, कर्जाची, मुलांच्या आजारपणाची काळजी वाहता येते, कारण ते घर कायद्यानेही त्याचेच असते. ज्याच्या मुलाबाळांवर दुसऱ्याची मालकी आहे, त्या सैनिकाच्या पत्राला 'खासगी' म्हणता येईल काय, हा प्रश्न मात्र या तर्काच्या कक्षेत येतच नाही.

स्पॉट्सवुड राइस हा मिसूरी राज्यातील गुलाम संघराज्याच्या सैन्यात दाखल झाला होता. सप्टेंबर १८६४ मध्ये सेंट लुइसनजीकच्या बेंटन बॅरेक्स येथील लष्करी रुग्णालयातून त्याने दोन पत्रे लिहिली. पहिले, अजून गुलामीत असलेल्या आपल्या मुलींना. दुसरे, त्यांपैकी मेरीची मालकीण किटी डिग्ज हिला. मिसूरी संघराज्यातून फुटले नव्हते, त्यामुळे १८६३ ची मुक्तिघोषणा तेथे लागू नव्हती. तेथील गुलामगिरी जानेवारी १८६५ मध्ये संपली. ज्या राज्यसत्तेचा गणवेश बापाच्या अंगावर होता, तिच्याच कायद्याने मुली परक्याची मालमत्ता होत्या.

मुलींना तो धीर देतो: जिवावर बेतले तरी तुम्हाला नेईन. मालकिणीशी बोलताना स्वर पालटतो. पोटच्या पोरीला तो चोरू पाहतो, असा तिचा आरोप. आपल्याच रक्तामांसाची चोरी कशी होईल, हा त्याचा प्रतिवाद. याच पत्रात चाळीस डॉलरांचा उल्लेख येतो. पूर्वी तेवढी रक्कम त्याने मुलीसाठी देऊ केली होती, तिने ती घेतली नाही, आणि आता त्याला त्याचा आनंद वाटतो. हा आनंद नीट समजून घ्यायला हवा. पैसे मोजून मूल सोडवू पाहणाऱ्या बापाला दोष देण्याचा अधिकार कोणालाच नाही. तथापि तो व्यवहार पुरा झाला असता, तर मुलगी सुटली असती आणि विकणारीचा हक्कही मान्य झाला असता. मालकीहक्काची अशी मूलगामी चिकित्सा येथे फिसकटलेल्या सौद्यातून आली आहे, ग्रंथांतून नव्हे.

युद्धाचा शेवट ठाऊक असल्याने आपण त्याच्या इशाऱ्याला भविष्यवाणी समजून बसतो. वस्तुतः अध्यक्षीय निवडणूक दोन महिन्यांवर होती आणि लीची शरणागती (एप्रिल १८६५) सात महिने दूर. 'अखेरचे पर्व' हे नाव आपले आहे; राइससाठी तो जोखमीचा वर्तमानकाळ होता. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील दास्यविमोचनासाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केली, ती कृतज्ञता रास्तच. परंतु आपल्याकडील नंतरच्या चर्चेत मुक्ती देणारे जेवढे दिसतात, तेवढे ती हिसकावून घेणारे दिसत नाहीत. सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय त्या सैन्यात लढले, हेही क्वचितच सांगितले जाते.

ही पत्रे टिकली कशी, हेही पाहण्याजोगे आहे. कुणा लेकीने ती पेटीत जपली म्हणून नव्हे. डिग्ज कुटुंबातील एकाने ती सेनापती रोझक्रान्स यांच्याकडे, या उद्दाम सैनिकाचा बंदोबस्त करावा अशा तक्रारीसोबत धाडली, आणि त्या तक्रारीला जोडलेले कागद म्हणून ती लष्करी दप्तरात राहिली.