गर्दी कोणाची?

एका लहानशा बेटावर किती माणसे मावतील, हा प्रश्न भूगोलाचा की नीतीचा? जानेवारी २०१३ मध्ये सिंगापूर शासनाने श्वेतपत्रिका काढून, २०३० पर्यंत लोकसंख्या ६५ ते ६९ लाख होईल, असे अनुमान मांडले. जन्मदर घसरला, वृद्ध वाढले. तेव्हा बाहेरचे मनुष्यबळ हवेच, हा युक्तिवाद. त्यावर एरव्ही शांत असणारे नागरिक फेब्रुवारीत होंग लिम पार्कमध्ये निषेधार्थ जमले. तुडुंब भरलेल्या गाड्या, महागलेली घरे ही त्यांची गाऱ्हाणी खोटी नव्हती. सुमारे ७३५ चौरस किलोमीटरांच्या भूमीला मर्यादा असणारच. २०२४ मध्ये तेथील लोकसंख्येने ६० लाखांचा टप्पा ओलांडला.

किती जणांना घ्यावे, हे ठरविण्याचा त्या समाजाचा अधिकार मला मान्य आहे. परंतु ‘गर्दी’ म्हणताना आपण कोणाकडे बोट दाखवितो? ज्याने इमारत उभारली, त्या परमिटवरील मजुराला आपली बायकामुले तेथे आणता येत नाहीत. २०२० च्या महासाथीत सिंगापुरातील बहुसंख्य रुग्ण मजुरांच्या दाटीवाटीच्या वसतिगृहांतच आढळले. म्हणजे गर्दीचा सर्वांत मोठा भार त्यांनीच वाहिला, ज्यांना गर्दीचे कारण म्हटले जाते.

संख्येविषयीची तक्रार धोरण आखणाऱ्यांकडे न्यावी. बसमध्ये शेजारी बसलेल्या परक्यावर तिचा राग काढू नये. दार किती उघडावे, हे यजमानाने ठरवावे. मात्र कामासाठी आत बोलावलेल्याला आयुष्यभर उंबरठ्यावर बसविणे, हा न्याय नव्हे.