उर्वा यांचा पाय

श्रीगोंद्याच्या शिवारात हंगाम आला की उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावतात आणि गोठ्यागोठ्यातून कडबाकुट्टी फिरत असते. क्षणभर नजर चुकते, आणि काल घर चालविणारा माणूस आज दुसऱ्याच्या हातून घास घेतो. नातेवाईक जमतात, "अल्लाहची मर्जी, सब्र करा," असे म्हणतात, चहा घेतात आणि उठतात. शब्द खरेच असतात. पण कित्येकदा ते त्याचे बोलणे थांबविण्यासाठी उच्चारले जातात.

सब्र म्हणजे अश्रू गिळणे नव्हे. तान्हा इब्राहीम गेला तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांचे डोळे वाहिले होते. मग हसणे सब्रात बसते काय?

हजरत उर्वा बिन जुबैर (रह.) हे हजरत आयशा (रजि.) यांचे भाचे आणि मदीनेचे मोठे विद्वान. खलीफा वलीद यांच्या भेटीस दमास्कसला गेले असता पाय सडू लागला व कापावा लागला. त्याच प्रवासात एक पुत्र जनावराच्या लाथेने दगावला. उर्वांनी हिशेब मांडला तो उरलेल्याचा: पुत्रांतील एक नेलास, बाकीचे ठेवलेस, हातापायांतील एक नेलास, तीन ठेवलेस.

मदीनेस परतल्यावर ईसा बिन तल्हा समाचारास आले. उर्वांनी पाय उघडा करून दाखविला. ईसा म्हणाले की आम्ही तुम्हाला कुस्तीसाठी थोडेच राखले होते; तुमची बुद्धी आणि वाणी तर शाबूत आहे! यासारखे सांत्वन कोणीच केले नाही, असे उर्वा म्हणाल्याची नोंद आहे. हेच वाक्य बाजारात परक्याने उच्चारले असते तर ती टवाळी ठरली असती, आणि सूरह हुजुरातने ती निषिद्धच केली आहे. ईसांनी आधी जखम पाहिली. त्यांचा विनोद जखमेवर नव्हता, 'मी आता निरुपयोगी' या भीतीवर होता.

तुम्ही म्हणाल, विद्वानाचे पायावाचून अडत नाही. ऊसतोड्याचा तर हातच भाकरी मिळवितो. आक्षेप रास्त आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियोद्धे होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचा भाग लुळा पडला. ते पाण्यात उतरले, आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर पोहण्याचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले; भारताचे ते पहिले.

परंतु प्रत्येकाला पेटकर होण्याची अट घालणे हा नवा जुलूम होईल. प्रेषितांनी (स.) अंध इब्ने उम्मे मकतूम (रजि.) यांच्याकडे अजान सोपविली, स्वतः बाहेर असता मदीनेचा कारभारही सोपविला. कौतुकाने पोट भरत नाही. काम सोपवावे लागते. दुकानाची वही, पाण्याच्या पाळ्या, मशिदीचा हिशेब, काहीही. आणि हात गमावलेला भाऊ एखाद्या दिवशी म्हणाला, "नखे कापण्याचा निम्मा त्रास वाचला," तर "असे बोलू नये" म्हणून त्याला गप्प करू नका.