तबकडीतली तोडी

भीमसेन जोशींचे काय ऐकावे, असे पुण्यात कोणी विचारले तर उत्तर लगेच मिळते: शुद्ध कल्याण, मियाँ की तोडी, पूरिया धनाश्री. जाणकार पुढे ‘कुठली तोडी’ हेही सांगतो. एलपीवरची नव्हे, अमक्या मैफलीतली. या शिफारशीच्या पोटात एक जुना तात्त्विक प्रश्न दडलेला आहे. तोडी हा राग भीमसेनांनी रचलेला नाही. त्यातली बंदिशही बहुधा त्यांची नसते. त्यांचे म्हणावे ते त्या दिवशीचे गाणे, आणि ते गाऊन झाल्याक्षणी संपले. मग शिफारस नेमकी कशाची होते?

हिंदुस्थानात तबकडीवरचे ध्वनिमुद्रण आले ते 1902 साली. ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचा आवाज मुद्रित केला. 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटे मावत. बडा ख्याल एवढ्यात बसत नाही. विलंबित एकतालाच्या चार-पाच आवर्तनांतच तेवढा वेळ सरतो. म्हणून गायकांनी लय चढवली, आलाप आवळला, तान लवकर घेतली. त्या काळच्या कित्येक तबकड्यांत शेवटी गायक स्वतःचे नाव पुकारतो. पुढे एलपी, स्पूल, कॅसेट आली तशी मुदत वाढत गेली, पण मूळ पेच तिथेच राहिला. जे गाणे पुन्हा तसेच होऊ नये अशीच ज्याची घडण, ते आता हवे तितक्या वेळा तसेच ऐकता येते.

भारतीय दर्शनांत या पेचाच्या अगदी जवळचा वाद फार आधी झाला आहे. शब्द नित्य की अनित्य? नैयायिकांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण आहे. तो उत्पन्न होतो, पाण्यावरच्या लाटेसारखा एकातून दुसरा असा कानापर्यंत येतो आणि नष्ट होतो. काल ऐकलेला गकार आणि आज ऐकलेला गकार हे दोन वेगळे शब्द. मीमांसक म्हणतात, तसे असेल तर ‘हा तोच गकार’ ही ओळख पटते कशी? तिला ते प्रत्यभिज्ञा म्हणतात. त्यांच्या मते वर्ण नित्यच आहे. उच्चाराने तो निर्माण होत नाही, फक्त व्यक्त होतो. नैयायिक यावर दिव्याच्या ज्योतीकडे बोट दाखवतात. ती क्षणोक्षणी नवी असते, तरी माणूस ‘तीच ज्योत’ म्हणतो. सारखेपणाला एकपणा समजण्याची ती चूक आहे.

हा सगळा खटाटोप वेदांच्या प्रामाण्यासाठी होता. गायन मीमांसकांच्या डोळ्यांपुढे नव्हते, आणि गाण्यातला स्वर त्यांनी वर्णात न धरता वर्ण व्यक्त करणाऱ्या क्षणिक ध्वनीत टाकला असता. तरी वादाची चौकट इथे उपयोगी पडते. रागाच्या बाबतीत श्रोता नकळत मीमांसक असतो. कोमल रिषभ, कोमल गंधार, तीव्र मध्यम आणि कोमल धैवत घेऊन कोणी पहिली संगती केली की तो ‘तोडी’ म्हणतो. ती कोणी, कधी, कुठे गायली याने त्या ओळखीत फरक पडत नाही. गाण्याच्या बाबतीत मात्र नैयायिक खरा ठरतो. 1960 सालची तोडी आणि 1975 सालची तोडी ही दोन गाणी आहेत, आणि एकीची उणीव दुसरी भरून काढत नाही.

तबकडी या दोहोंच्या मधे पाचर मारते. ती लावली की दर वेळी नवा ध्वनी उत्पन्न होतो. इथवर न्यायमताला बाधा नाही. पण हा नवा ध्वनी एका विशिष्ट घटनेची प्रत आहे, रागाची नव्हे. शंभरदा ऐकलेल्या रेकॉर्डमध्ये श्रोत्याला पुढची तान आधीच ऐकू येते. समेवर येण्याआधीचा जो अडथळा गायकाने त्या क्षणी घेतला, तोही पाठ होतो. गायकाच्या लेखी जे सुचणे होते ते श्रोत्याच्या लेखी बंदिश होऊन बसते. ध्वनिमुद्रणाने नवी भर घातली ती इथे, आणि तिचे नुकसानही इथेच आहे. मैफलीत त्याच गायकाने ती जागा घेतली नाही तर चुकल्यासारखे वाटू लागते.

भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त एक बारीक भेद केला आहे. प्राकृत ध्वनी वर्णाचे रूप दाखवतो. वैकृत ध्वनीमुळे द्रुत, मध्य, विलंबित असा वृत्तिभेद होतो, पण त्याने शब्दाचे स्वरूप बदलत नाही. संगीताला हे जसेच्या तसे लागू करता येत नाही, कारण लय बदलली की ख्यालाचा स्वभावच बदलतो. जुन्या तबकड्यांनी याचा रोकडा पुरावा दिला आहे. सुरुवातीच्या काळात सगळ्या तबकड्या नेमक्या 78 फेऱ्यांवर मुद्रित झालेल्या नव्हत्या. फिरकी किंचित जलद लावली की गायकाची पट्टी चढते, लय चढते आणि आवाज वयाने लहान वाटू लागतो. संग्राहक म्हणूनच वेगावरून वाद घालतात. आवाज त्यांना हवा असतो तो गायकाचा, यंत्राचा नव्हे, आणि योग्य वेग ठरवायला कानाखेरीज फारसे साधन नसते.

पुण्यातच संहितेच्या एकपणाचा एक मोठा प्रयोग झाला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1966 मध्ये पूर्ण केली. बाराशेहून अधिक हस्तलिखिते पडताळली गेली. ही पद्धत एका गृहीतकावर उभी आहे: पाठभेदांच्या मागे एक जुना पाठ आहे, आणि नकलकारांच्या हातून तो बिघडत आला आहे. भीमसेनांच्या वीस तोड्या शेजारी ठेवल्या तर त्यांच्यामागे अशी मूळ तोडी सापडणार नाही. प्रत्येक तोडी मूळच आहे. जाझमध्येही हेच. गिटारवादक चार्ली ख्रिश्चन 1942 साली, वयाच्या पंचविशीत, क्षयाने गेला. त्याचे मुद्रित वादन जेमतेम 1939 ते 1941 या काळातले आहे. बेनी गुडमनच्या चमूबरोबर स्टुडिओत झालेल्या एकाच चिजेची दोन-तीन मुद्रणे नंतर बाहेर आली आणि प्रत्येकात गिटार वेगळे बोलते. त्याच्या चाहत्यांची खरी पसंती मात्र बहुधा न्यूयॉर्कमधल्या मिंटन्स या ठिकाणच्या 1941 च्या मुद्रणांना असते. ती जेरी न्यूमन नावाच्या हौशी तरुणाने नेता येण्याजोग्या यंत्रावर केली. आवाज खरखरीत, पण वादकापुढे घड्याळ नाही. घरगुती मैफलींच्या स्पूलवर जीव टाकणारा पुणेकर श्रोता याच जातीचा.

तबकडी गुरू होऊ शकते का, हा त्याला लागून येणारा प्रश्न. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी रेकॉर्डवर ऐकून गदगचा भीमसेन नावाचा मुलगा वेडावला आणि 1933 मध्ये, अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडून गेला. अखेर त्याला तालीम मिळाली ती खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे, कुंदगोळला. तबकडीने ओढ लावली. तिला चूक दाखवता आली नसती. उलट टोकाला भास्करबुवा बखले आहेत. 1911 मध्ये पुण्यात भारत गायन समाज स्थापन करणाऱ्या आणि 1922 मध्ये निवर्तलेल्या बुवांचे एकही ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. तरी त्यांचे गाणे नाहीसे झाले असे कोणी म्हणत नाही, कारण ते मास्तर कृष्णराव आणि बालगंधर्व यांच्या गळ्यांत उतरले. अल्लादिया खाँसाहेबांचीही रेकॉर्ड नाही. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी मात्र 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून सूर्यमालेबाहेर निघाली. जपून, मोजकेच मुद्रण करू देणाऱ्या गायिकेच्या वाट्याला हे यावे, यात थोडी गंमत आहेच.

धार्मिक अंगाने प्रश्न आणखी कडक होतो. भीमसेनांची ‘संतवाणी’, त्यातल्या राम फाटकांच्या चाली, आषाढीच्या दिवसांत पुण्याच्या रस्तोरस्ती कर्ण्यांवरून वाजतात. यंत्राने घेतलेले नाम हे नाम का? वारकरी परंपरेत नाम आणि नामी एकच मानले जातात. त्या न्यायाने कर्ण्यातून आलेले नामही नामच. पण कीर्तन ही बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात घडणारी गोष्ट आहे. टाळकरी धृपद उचलतो तेव्हा ते पुरे होते. कर्ण्याला धृपद उचलणारा कोणी मिळाला, रस्त्यातल्या दोघा-चौघांनी ओळ धरली, तर मुद्रण पुन्हा कीर्तनाच्या कामी येते. नाहीतर तो नामाचा आवाज असतो, आणि तेवढाच असतो.

रागांच्या वेळांचेही असेच काहीसे झाले. 1953 मध्ये सुरू झालेला सवाई गंधर्व महोत्सव रात्र-रात्र चाले. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिवर्धकावर बंधन आणले आणि उत्तररात्रीचे राग मंडपातून जवळजवळ बाहेर पडले. त्या वेळेचा दरबारी आता प्रामुख्याने जुन्या मुद्रणांतच आहे, आणि तो दुपारी तीन वाजताही लावता येतो.

तेव्हा शिफारस करायचीच तर एका मुद्रणाची करू नये. एकच तोडी ऐकणारा तिला ग्रंथ समजतो. एकाच रागाची दोन मुद्रणे सुचवावीत, शक्यतो एक स्टुडिओतले आणि एक मैफलीतले, दोहोंत काही वर्षांचे अंतर राखून. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या त्या तीन मिनिटांच्या झिंझोटीनंतर लगेच भीमसेनांनी उतारवयात गायलेली तीच ठुमरी लावावी: कुठली हरकत गुरूच्या गुरूची, कुठला ठेहराव शिष्याचा, हे कानाला आपोआप वेगळे होते. सवाई गंधर्वांची एखादी तबकडी मधे ठेवली तर आणखी बरे. मैफलीच्या मुद्रणात तंबोरे जुळवतानाचा आवाज, दाद, तबलजीने ठेक्यात केलेला बदल कापलेला नसावा. ते गेले की एका संध्याकाळची खूण जाते आणि राग तेवढा उरतो. कॅसेटच्या काळात पुण्यातल्या अलूरकर म्युझिक हाऊसने मैफलींची मुद्रणे लोकांपर्यंत पोचवली, ती या दृष्टीने मोलाची आहेत. तारीख, गाव आणि साथीदारांची नावे सोबत असतील तर जरूर पाहावीत. नैयायिकाला हवी असलेली घटना तिथे सापडते. मीमांसकाला हवा असलेला राग कुठल्याही प्रतीत सापडेल.