आवडीचा जाब

चित्रपटगृहांतून बाहेर पडतांना मनुष्य आपल्या सोबत्याला पहिला प्रश्न विचारतो तो ‘कसा वाटला?’ हा होय. प्रश्न वरवर पाहतां अगदीं निरुपद्रवी आहे. परंतु त्याचें उत्तर देतां देतां दोन शहाणीं माणसें हमरीतुमरीवर येतात, आणि घरीं पोंचेपर्यंत चित्रपट बाजूला राहून एकमेकांच्या बुद्धीची व संस्कारांची परीक्षा सुरू होते, हा अनुभव वाचकांपैकीं पुष्कळांनीं घेतला असेल. ‘मला नाहीं आवडला’ एवढेंच कोणी म्हणावें, तर ऐकणाऱ्याला त्यांत ‘तुला आवडला, त्याअर्थीं तूं हलका’ असें ऐकूं येतें. आणि खरें सांगावयाचें तर पुष्कळदां बोलणाऱ्याचा अभिप्रायहि तसाच असतो.

अशा वेळीं घरांतील एखादें वडील माणूस मध्यें पडून म्हणतें, ‘अरे, ज्याची त्याची आवड!’ ह्या वाक्यानें आवाज खालीं येतात हें खरें. पण त्यानें प्रश्न सुटतो काय? आवडीला जाब विचारतां येतो कीं नाहीं, आणि येत असल्यास तो कोणत्या रीतीनें विचारावा, हा सौंदर्यशास्त्र व नीतिशास्त्र ह्यांच्या सीमेवरचा प्रश्न आहे. त्याचा थोडासा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें योजिलें आहे.

‘ज्याची त्याची आवड’ हें तत्त्व आपण जेवणाच्या पानावरून उचललें आहे. म्हणून प्रथम पानाकडेच वळूं. माझें गांव नशिराबाद, जळगांवाहून भुसावळकडे जाणाऱ्या वाटेवरचें. हिवाळा लागला कीं आमच्या मुलुखांत शेतांशेतांतून भरिताच्या पंगती बसूं लागतात. ज्याला वांगेंच आवडत नाहीं त्याच्याशीं तेथें कोणी वाद घालीत नाहीं. त्याला दुसरें कांहीं वाढतात आणि विषय संपतो. परंतु ज्यांना भरीत आवडतें त्यांच्यांत मात्र वाद चांगला रंगतो. ‘वांगीं कपाशीच्या काड्यांवर भाजलेलीं नाहींत, घरांत शेगडीवर भाजून आणलीं आहेत,’ असें एक म्हणतो. ‘मिरची करपली आहे,’ दुसरा म्हणतो. मग सगळे पुन्हां एक घास घेऊन पाहतात, आणि कोणी तरी कबूल करतो, ‘खरेंच कीं, धुराचा वास नाहीं!’ म्हणजे जेथें कारणें चालत नाहींत असें आपण समजतों त्या पानावरहि कारणें दिलीं जातात, आणि तीं पडताळूनहि पाहतां येतात. विशेष हें कीं, कारण देणारा सिद्धांत सांगत बसत नाहीं. तो पदार्थाकडे बोट दाखवितो आणि दुसऱ्याला ‘आतां पुन्हां चाखून पाहा’ म्हणतो.

डेव्हिड ह्यूम ह्या स्कॉटिश तत्त्ववेत्त्यानें १७५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभिरुचीवरील निबंधांत ‘डॉन क्विक्झोट’मधील एक गोष्ट सांगितली आहे. दोघां जाणत्यांना मद्याच्या एका पिंपाची परीक्षा करण्यास बोलाविलें होतें. एक म्हणाला, मद्य चांगलें आहे, पण किंचित् कातड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, चांगलें आहे, पण लोखंडाची चव लागते. लोकांनीं दोघांचीहि यथेच्छ थट्टा केली. पुढें पिंप रिकामें झालें तेव्हां तळाशीं कातड्याची वादी बांधलेली एक जुनी किल्ली सांपडली! अभिरुचि ही निव्वळ लहर नव्हे, वस्तूंत खरोखरच कांहीं असतें व सूक्ष्म जिभेला तें कळतें, हें ह्यूमला ह्या गोष्टीवरून दाखवावयाचें आहे. मला तींत आणखी एक मर्म दिसतें. त्या दोघांचें एकमत नव्हतें, तरी दोघेहि खरे होते. प्रत्येकाला किल्लीचा एकेकच भाग लागला होता.

पण चित्रपट म्हणजे भरीत नव्हे, आणि मद्याचें पिंपहि नव्हे. भरीत कसें लागलें ह्यावरून मनुष्य कसा हें कळत नाहीं. चित्रपटांत माणसें असतात. तीं प्रेम करतात, फसवितात, सूड घेतात, क्षमा करतात. त्यांच्याविषयीं बोलतां बोलतां आपण काय योग्य समजतों हें आपण नकळत बोलून जातों. १९३७ सालीं ‘प्रभात’चा ‘कुंकू’ आला. फसवून म्हाताऱ्याच्या गळ्यांत बांधलेली त्यांतील नीरा त्याला पति म्हणून स्वीकारावयाचें साफ नाकारते. त्या चित्रपटाला बरें किंवा वाईट म्हणणारा गृहस्थ केवळ शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाविषयीं बोलत नव्हता. तो जरठ-कुमारी विवाहाविषयीं, आणि कदाचित् स्वतःच्याच घरांतील एखाद्या आत्येविषयीं बोलत होता. पुढच्याच वर्षीं ‘ब्रह्मचारी’मध्यें नायिका पोहण्याच्या पोषाखांत दिसली व गहजब झाला, तोहि ह्याच जातीचा. तेव्हां चित्रपटावरून वाद होणें हें वाईट नाहीं. ज्या घरांत असे वाद कधींच होत नाहींत, त्या घरांत एक तर चित्रपट कोणी मनापासून पाहत नाहीं, किंवा एकमेकांशीं कोणी मनापासून बोलत नाहीं. वाईट आहे तें वाद एका विशिष्ट जागीं घसरतो तें. ती जागा दाखविण्यासाठीं मी स्वतः घसरलों त्याची हकीकत सांगतों.

२९ एप्रिल २०१६ रोजीं नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ प्रदर्शित झाला. गांवच्या बड्या पाटलाची मुलगी आणि खालच्या मानलेल्या जातींतील मच्छीमाराचा मुलगा ह्यांची ती कथा. दोघे पळून हैदराबादेस जातात, कष्टानें संसार उभा करतात, त्यांना मूल होतें. आणि शेवटीं मुलीचा भाऊ व नातलग माहेरच्या भेटी घेऊन दारांत येतात. मे महिन्यांत मी, माझा एक बालमित्र आणि महाविद्यालयांत शिकणारी त्याची मुलगी असे तिघे तो चित्रपट पाहावयास जळगांवला गेलों. पूर्वार्धांत पोरें गाण्यांवर खुर्च्या सोडून नाचत होतीं. शेवटच्या दृश्यांत पडद्यावरचा सारा आवाज थांबतो, आणि आईबापांच्या रक्तांत भरलेलीं इवलीं पावलें उमटवीत तें मूल घराबाहेर पडतें. तेव्हां नाचणारीं तींच पोरें खालीं माना घालून उठलीं.

परत आल्यावर आम्ही मित्राच्या ओट्यावर बसलों. मीं नेहमींचा प्रश्न विचारला. मित्र हा शाळेंतला शिक्षक, सरळ स्वभावाचा, गांवांत मान असलेला. तो म्हणाला, ‘पोरांना बिघडवणारा सिनेमा आहे. पळून जायला शिकवतो.’ हें मत त्या दिवसांत ठिकठिकाणीं ऐकूं येत होतें. मी वर्गांत बोलावें तशा स्वरांत म्हणालों, ‘अरे, पळून गेलेल्यांच्या प्रेतांवर जो संपतो तो पळून जायला शिकवतो? तुला चित्रपट पाहतांच येत नाहीं. ही तुझ्या आंतली जात बोलते आहे.’

माझें पहिलें वाक्य युक्तिवाद होतें. पुढचीं दोन शिव्या होत्या. पहिल्यांत मीं चित्रपटाकडे बोट दाखविलें, पुढच्यांत मित्राकडे. मित्र रागावून उठून गेला असता तर बरें झालें असतें. तो नुसता गप्प बसला. तेव्हां त्याची मुलगी म्हणाली, ‘काका, आप्पांनीं शेवट पाहिलाच नाहीं. माझा हात धरून डोळे मिटून बसले होते.’

बऱ्याच वेळानें मित्र बोलला. ‘ती पोरगी नाहीं मला दिसली. तो भाऊ आला ना दारांत, त्याच्या जागीं आमच्याच भाऊबंदांतले दोघे-तिघे दिसले. म्हटलं, उद्यां वेळ आली तर मी त्यांना नाहीं म्हणूं शकेन का?’

मीं आजवर वाचलेल्या ‘सैराट’वरच्या कोणत्याहि परीक्षणांत इतकें खरें वाक्य मला आढळलेलें नाहीं. ‘पोरांना बिघडवणारा’ हें मित्राचें मत त्याच्या भीतीवर टाकलेलें पांघरूण होतें. तें पांघरूण न उचलतां मीं त्यालाच चोप दिला. आणि मी स्वतः काय पाहिलें होतें? चित्रपट त्या वर्षीं बर्लिनच्या महोत्सवांत दाखविला गेल्याचें व जाणत्यांनीं वाखाणल्याचें मीं आधींच वाचलें होतें. स्तुति खिशांत घालूनच मी गेलों होतों. चित्रपट मला आवडला हें खरें. पण तो आवडल्यामुळें मी सुधारकांत मोडतों, ही गोष्ट मला त्याहून अधिक आवडली होती.

आपल्याकडील जुन्या शास्त्रकारांनीं प्रेक्षकाचा विचार बारकाईनें केला आहे. भरतमुनि नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायांत सांगतात कीं, तरुणांना प्रेमाचे प्रसंग रुचतात, विद्वानांना तत्त्वचर्चा रुचते, शूरांना युद्धाचे प्रसंग. म्हणजे रुचिभेद त्यांना मान्य आहे. पण तेवढ्यावर ते थांबत नाहींत. पात्राच्या आनंदानें जो आनंदित होतो व शोकानें शोकाकुल होतो, तो खरा प्रेक्षक असेंहि ते सांगतात. पुढें अभिनवगुप्तानें रसास्वादाच्या आड येणारीं विघ्नें मोजलीं. स्वतःच्याच सुखदुःखांत बुडून जाणें हें त्यांपैकीं एक. ह्या दोन कसोट्या लावल्या तर माझा मित्र भरताच्या परीक्षेंत उत्तीर्ण होतो व अभिनवगुप्ताच्या परीक्षेंत अडखळतो. मी मात्र दोहोंतहि नापास. कारण मी स्वतःच्या दुःखांत बुडालों नव्हतों हें खरें, परंतु स्वतःच्या मोठेपणांत बुडालों होतों. आणि तें विघ्न दुःखाहून वाईट. दुःखी मनुष्याला निदान आपण दुःखी आहों हें ठाऊक असतें.

असें मोठेपण मिरविण्यास आतां चित्रपट पाहण्याचीहि जरूर उरलेली नाहीं. जानेवारी २०२५ मध्यें ‘छावा’ ह्या चित्रपटाची झलक बाहेर आली. तींत संभाजीमहाराज लेझीम खेळतांना दाखविले होते. त्यावर आक्षेप निघाले व दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनीं तें दृश्य काढून टाकण्याचें कबूल केलें. आक्षेप योग्य होता कीं अयोग्य हा प्रश्न निराळा. पण चित्रपट लागला तो १४ फेब्रुवारीस. त्यापूर्वींच गांवोगांवच्या चहाच्या दुकानांतून त्याच्याविषयींचीं मतें पक्कीं झालीं होतीं, आणि समोरचा कोणत्या बाजूचा हें त्यावरून ठरत होतें. अशा वेळीं ‘कसा वाटला?’ ह्याचा अर्थ ‘तूं कोणाचा?’ एवढाच उरतो. ज्या मताला पाहण्याची गरज नाहीं तें मत नव्हे. ती नुसती हजेरी आहे.

येथें कोणी रास्त शंका काढील. आवडीवरून माणसाची पारख कधींच करूं नये काय? ‘सैराट’च्या शेवटच्या खुनाला एखाद्यानें टाळी दिली तर? तर त्याला जाब अवश्य विचारावा. पण तेथें आपण आवडीचा जाब विचारीत नसून खुनाच्या समर्थनाचा जाब विचारीत आहों, हें आपल्याशीं स्पष्ट असावें, आणि प्रश्न त्याच नांवानें विचारावा. शिवाय त्यानें टाळी दिली आहे ह्याची आधीं खात्री करून घ्यावी. माझ्या मित्रानें टाळी दिली नव्हती; त्यानें डोळे मिटले होते. अंधारांत शेजारीं बसलेल्या मला दोहोंतला फरक कळला नाहीं.

कांट म्हणतो त्याप्रमाणें, एखादी वस्तु सुंदर आहे असें म्हणणारा केवळ आपली आवड सांगत नाहीं. इतरांनींहि तसें म्हणावें ही अपेक्षा त्यांत असते. ही अपेक्षा मला रास्त वाटते. तिला निमंत्रणाचें रूप द्यावयाचें कीं हुकुमाचें, एवढाच प्रश्न आहे. ‘तुला कळत नाहीं’ हा हुकूम झाला. ‘ज्याची त्याची आवड’ ह्यांत निमंत्रणच नाहीं. तुला काय दिसलें ह्याची मला पर्वा नाहीं, असा त्याचा सभ्य अर्थ आहे. एकांत तिरस्कार आहे व दुसऱ्यांत उपेक्षा. पण दोहोंमुळें पुन्हां पाहण्याचा त्रास सारखाच वांचतो. म्हणून ‘कसा वाटला?’ ह्याऐवजीं ‘तुला काय दिसलें?’ असें विचारण्याची संवय मी अलीकडे लावून घेत आहें. पहिल्या प्रश्नाला लोक निकाल देतात. दुसऱ्याला त्यांना चित्रपटाकडे परत जावें लागतें, आणि विचारणाऱ्यालाहि त्यांच्या मागोमाग जावें लागतें.

माझा मित्र आजहि ‘सैराट’ला चांगला म्हणत नाहीं. मागल्या हिवाळ्यांत भरिताच्या पंगतीला तो विषय निघाला. तो म्हणाला, ‘पूर्वार्ध इतका गोड केला आहे कीं पोरं तेवढाच घेऊन घरीं जातात. शेवट त्यांच्याबरोबर जात नाहीं.’ हें कारण आहे, आणि तें चित्रपटाकडे बोट दाखवून दिलेलें आहे. मला तें पटलें नाहीं. तीं पोरें खालीं माना घालून उठतांना मीं पाहिलीं होतीं, हें मीं त्याला सांगितलें. तो म्हणाला, ‘दुसऱ्या दिवशीं पाहिलीं होतीस का?’ ह्याला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. घरीं आल्यावर मीं पूर्वार्ध पुन्हां पाहिला. माझें मत बदललें नाहीं. पण आतां तें मत सांगतांना माझा आवाज पूर्वींइतका चढत नाहीं.