गोळीतली पाळी आणि बाईचा निर्णय

माला-एन या गर्भनिरोधकाच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांतल्या २१ हार्मोनच्या आणि ७ लोहाच्या. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या की काही दिवसांत रक्तस्राव होतो आणि बाईला वाटते, पाळी आली. प्रत्यक्षात गोळ्या नियमित घेतल्या असतील, तर त्या महिन्यात बहुधा बीजकोशातून बीज बाहेर पडलेलेच नसते. बाहेरून मिळणारे हार्मोन थांबल्यामुळे गर्भाशयाचे अस्तर गळून पडते, एवढेच. हा रक्तस्राव दर चार आठवड्यांनी व्हावा, हे निसर्गाने नव्हे, १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी ठरवले.

नैसर्गिक चक्राची घडण वेगळी आहे. पाळीनंतरच्या दिवसांत बीजकोशातले इस्ट्रोजेन गर्भाशयाचे अस्तर जाड करते. बीज बाहेर पडले की मागे उरलेल्या पीतपिंडातून प्रोजेस्टेरॉन स्रवू लागते आणि अस्तर गर्भासाठी तयार राहते. गर्भ राहिला नाही तर साधारण दोन आठवड्यांत पीतपिंड सुकतो, दोन्ही हार्मोन उतरतात आणि पाळी येते. गर्भ राहिला तर ते चढेच राहतात आणि मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी नवे बीज पिकवण्याचा संदेश पाठवत नाही.

इन्सब्रुकचे लुडविग हाबरलांट यांनी हाच धागा पकडला. गाभण माद्यांचे बीजकोश दुसऱ्या माद्यांमध्ये बसवले तर त्यांना काही काळ गर्भ राहत नाही, हे त्यांनी १९२१ मध्ये मांडले. त्याच वर्षी र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. बाईला मूल कधी हवे हे तिला ठरवता यावे, हा कर्व्यांचा आग्रह. त्यासाठी लागणारी गोळी मात्र अजून चार दशके दूर होती. प्रोजेस्टेरॉन महाग होते आणि तोंडावाटे घेतल्यास फारसे लागू पडत नव्हते. १९५१ मध्ये मेक्सिको सिटीतल्या सिन्टेक्स कंपनीत प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे नॉरएथिस्टेरॉन तयार झाले, तेव्हा तोंडावाटे लागू पडणाऱ्या औषधाची वाट मोकळी झाली.

दरम्यान बॉस्टनचे डॉ. जॉन रॉक मूल न होणाऱ्या स्त्रियांना हार्मोन सलग देऊन पाहत होते. औषध चालू असेपर्यंत पाळी थांबे आणि त्या बिचाऱ्या दिवस गेले असे समजत. खरे कळल्यावर होणारे त्यांचे दुःख पाहवत नसे. तेव्हा संशोधक ग्रेगरी पिंकस यांनी सुचवले की औषध वीस दिवस द्यावे आणि मग थांबवावे, म्हणजे रक्तस्राव होईल. त्या स्त्रियांपुरता हा निर्णय कनवाळू होता. पुढे गर्भनिरोधनासाठीही तेच वेळापत्रक कायम राहिले. दर महिन्याला रक्तस्राव झाला की बाईला दिवस गेले नसल्याचा दिलासा मिळे. शिवाय ही गोळी निसर्गाच्याच वाटेने जाते, असे सांगता येई. रॉक श्रद्धाळू कॅथलिक होते. चर्चने गोळी मान्य करावी यासाठी त्यांनी पुढे असाच युक्तिवाद केला. १९६८ मध्ये पोपनी गर्भनिरोधक गोळीला नकार दिला, पण पाकिटातली हार्मोनची सुट्टी तशीच राहिली.

ज्यांच्या शरीरावर हे सारे ठरत होते, त्यांना मात्र कोणी विचारले नाही. १९५६ मध्ये पोर्तो रिकोत मोठी चाचणी सुरू झाली. तिथल्या गरीब स्त्रियांना हा प्रयोग आहे, याची नीट कल्पना दिली गेली नाही. मळमळ, गरगरणे, डोकेदुखी अशा तक्रारी तिथल्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी कळवल्या, तर त्या मनाचे खेळ ठरल्या. त्या गोळीत, एनोविडमध्ये, हार्मोनची मात्रा आजच्या गोळ्यांच्या कितीतरी पट होती. १९६० मध्ये तिला अमेरिकेत गर्भनिरोधक म्हणून परवानगी मिळाली. रक्तात गुठळ्या होण्याचा धोका पुढे आल्यावर १९७० मध्ये तिथल्या सिनेटमध्ये सुनावणी झाली, आणि गोळी घेतलेल्या एकाही बाईची साक्ष का नाही, असे स्त्रियांनी भर सभेत उठून विचारले. त्यांच्या रेट्यामुळे धोक्यांची माहिती देणारा कागद पाकिटासोबत येऊ लागला. माझ्या मते गोळीच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा टप्पा आहे.

सुट्टीच्या आठवड्याचा फेरविचार व्हायला आणखी बराच काळ गेला. २००३ मध्ये अमेरिकेत वर्षातून चारदाच रक्तस्राव होईल अशा गोळ्यांना मान्यता मिळाली. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या तज्ज्ञ संस्थेने स्पष्टच सांगितले की सात दिवसांच्या सुट्टीने आरोग्याचा काही फायदा होत नाही. म्हणजे पाळीचा जो भास नैसर्गिक म्हणून जपला गेला, त्याची शरीराला गरज नव्हती.

आपल्याकडे हेच ज्ञान उलट्या बाजूने वापरले जाते. गौरी-गणपती, सत्यनारायण, घरातले लग्न जवळ आले की बाई औषधाच्या दुकानातून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आणते, पुष्कळदा चिठ्ठीशिवाय. ते बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉनच असते. पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, असा नेहमीचा क्रम. प्रोजेस्टेरॉनसारखा परिणाम टिकून राहतो, अस्तर जागेवर राहते. गोळ्या थांबल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते. डॉक्टरांच्या सल्ल्याने, थोड्या दिवसांसाठी घेतलेले हे औषध बहुतेकींना सोसते. पण या मात्रेत त्याचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. म्हणून जिला पूर्वी रक्ताच्या गुठळ्या झाल्या आहेत किंवा तीव्र अर्धशिशी आहे, तिने ते परस्पर घेऊ नये. दिवस गेल्याची शंका असेल तर आधी तपासणी करावी. आणि या क्रमाने घेतलेल्या गोळ्यांवर गर्भनिरोधक म्हणून विसंबू नये.

परीक्षेसाठी, प्रवासासाठी किंवा दुखण्यातून सुटका म्हणून एखादीला पाळी पुढे न्यायची असेल, तर तो तिचा हक्क आहे. पण घरातल्यांच्या सोवळ्यासाठी तिने हार्मोन गिळावेत, ही अपेक्षा अन्यायाची आहे. आधी पाळीचा विटाळ मानायचा आणि मग त्यावरचा उपाय बाईच्याच पोटात ढकलायचा, हे थांबले पाहिजे. पाळी आली तरी गौरीपुढे बसण्याची मोकळीक जिला आहे, तिनेच गोळी घेतली तर तो तिचा निर्णय म्हणता येईल. ही मोकळीक देणे आपल्या घरात आपल्याच हाती आहे, आणि त्यासाठी कुठल्याही संशोधनाची वाट पाहावी लागत नाही.